पट, पैसा आणि पाच वर्षांचा करार

अमेरिकेत आपली माणसं घर बघायला जातात तेव्हा स्वयंपाकघराच्या आधी शाळा बघतात. झिलो या घरं शोधायच्या संकेतस्थळावर घराच्या फोटोंखाली शाळेला दहापैकी किती गुण हे छापलेलं असतं. नऊ असले तर ओटा बारका असला तरी चालतो. चार असले तर घर कितीही ऐसपैस असो, पुढचं दाखवा. बॉस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी, वेस्टबरो, अ‍ॅक्टन या गावांत गणपतीत जी गर्दी दिसते ती काही तिथल्या तळ्यांच्या प्रेमाने जमलेली नाही. आम्हीही त्याच हिशेबाने इकडे आलो. ‘इथे शाळा फुकट असते’ असं आपण घरी फोनवर सांगतो खरं, पण ती फी घराच्या किमतीत आणि दर तीन महिन्यांनी येणाऱ्या मालमत्ता कराच्या बिलात आधीच वसूल झालेली असते. सरकारी शाळांचा मोठा खर्च गावाच्या मालमत्ता करातून निघतो, त्यामुळे महाग घरांच्या गावात शाळा चांगली आणि शाळा चांगली म्हणून घरं महाग, असं ते रहाटगाडगं फिरत राहतं.

मग ज्याला हे घर परवडत नाही त्याने काय करायचं? अमेरिकेने या प्रश्नाला जी उत्तरं दिली, त्यातलं सगळ्यात वादग्रस्त उत्तर म्हणजे चार्टर शाळा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, पैसा सरकारचा. पण कारभार गावाच्या शिक्षण मंडळाच्या हातात नाही. एखादी संस्था, शिक्षकांचा गट किंवा पालकांचा गट सरकारकडे अर्ज करतो, ठरावीक वर्षांचा करार होतो, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर नावांची सोडत निघते. करारात निकालांची हमी असते. ती पाळली नाही तर करार संपतो आणि शाळेला कुलूप लागतं. निदान कागदावर तरी असं आहे.

माझे सासरे, आण्णा, सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. इथे आले होते तेव्हा मी त्यांना हे समजावून सांगत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे आमच्यासारखंच की गं. पैसा सरकारचा, शाळा संस्थेची. त्यात नवीन काय?”

खरंच, सांगाडा तोच आहे. फरक पुढे सुरू होतो. आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकारी खात्यातून त्याच्या बँकेत जातो, त्याच्या नोकरीला खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्याचं संरक्षण असतं, आणि संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पद उडालं तरी तो ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनाच्या रांगेत उभा राहतो. चार्टरमध्ये सरकार दर मुलामागे एक रक्कम शाळेच्या हातात ठेवतं. पगार किती, तास किती, कुणाला घ्यायचं आणि कुणाला काढायचं, हे शाळेचं शाळा बघते. बहुतेक चार्टरमध्ये शिक्षकांची संघटना नसते. आण्णांनी एवढंच विचारलं, “मग आंदोलन कोण करतं?” (करतात. डिसेंबर २०१८ मध्ये शिकागोच्या एसेरो या चार्टर साखळीतले शिक्षक संपावर गेले, आणि चार्टर शाळांमधला तो देशातला पहिला संप होता. पण तोपर्यंत पहिल्या चार्टर शाळेला सव्वीस वर्षं होऊन गेली होती.)

गंमत अशी, की ही कल्पना देशभर पोहोचवली ती शिक्षक संघटनेच्याच अध्यक्षाने. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक रे बडी यांनी सत्तरच्या दशकात कागदावर मांडलेली ही कल्पना १९८८ मध्ये हे अध्यक्ष, अल्बर्ट शँकर, यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधल्या भाषणात उचलली. त्यांच्या डोक्यात होतं ते असं : काही शिक्षकांनी एकत्र यावं, नेहमीच्या शाळेत ज्यांचं जमत नाही अशा मुलांसाठी वेगळं काही करून बघावं, आणि जे जमेल ते सगळ्या शाळांनी घ्यावं. १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉलला सिटी अकॅडमी उघडली, शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी. पण थोड्याच वर्षांत शाळा चालवणाऱ्या खासगी कंपन्या या दारातून आत शिरताना दिसल्या, आणि शँकर स्वतःच या चळवळीचे टीकाकार झाले.

त्या एका शाळेचं पुढे काय झालं ते आकड्यांत सांगायचं तर : २०१० साली देशात साधारण ५,३०० चार्टर शाळा होत्या आणि त्यांत १८ लाख मुलं होती. २०२१ साली शाळा ७,८०० आणि मुलं ३७ लाख झाली. म्हणजे सरकारी पैशावर शिकणाऱ्या दर शंभर मुलांमागे सातेक. हे वाचून चार्टर सगळीकडे सारख्या पसरल्या असतील असं वाटतं. तसं नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये जवळजवळ निम्मी मुलं चार्टरमध्ये जातात, न्यू ऑर्लिन्समध्ये काही वर्षं जवळपास सगळीच जात होती, आणि आमच्यासारख्या उपनगरांत चार्टर म्हणजे काय हेच निम्म्या लोकांना सांगता येत नाही. ज्यांनी घर घेऊन शाळा मिळवली, त्यांना करार घेऊन शाळा कशाला लागेल?

म्हणूनच २०१६ ची निवडणूक मला फार लक्षात राहिली. ट्रम्प विरुद्ध क्लिंटन हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण मॅसॅच्युसेट्सच्या मतपत्रिकेवर ‘दुसरा प्रश्न’ म्हणून एक प्रस्ताव होता : राज्यात चार्टर शाळांच्या संख्येवर जी मर्यादा आहे ती सैल करून दर वर्षी बारा नव्या शाळांना किंवा चालू शाळांच्या विस्ताराला परवानगी द्यावी का? मला तेव्हा मत नव्हतं, ग्रीन कार्ड होतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते दारात आले की त्यांचं सगळं निवांत ऐकून घेता यायचं. गव्हर्नर चार्ली बेकर बाजूने. बॉस्टनचे महापौर मार्टी वॉल्श विरोधात. हेच वॉल्श एके काळी एका चार्टर शाळेच्या संस्थापक मंडळावर होते. दोन्ही बाजूंनी मिळून चार कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. प्रस्तावाच्या बाजूच्या प्रचाराचा बराचसा पैसा न्यूयॉर्कच्या एका गटामार्फत, देणगीदारांची नावं झाकून आला होता. पुढच्या वर्षी त्या गटाला सव्वाचार लाख डॉलरहून जास्त दंड झाला आणि नावं उघड करावी लागली. निकाल ६२ विरुद्ध ३८. प्रस्ताव आपटला.

आता यातली मेख अशी, की ज्या राज्याने चार्टरना इतक्या जोरात नकार दिला, त्याच राज्यातल्या शहरी चार्टर देशातल्या सगळ्यात चांगल्या चार्टरपैकी आहेत. हे कुणा प्रचारकाचं म्हणणं नाही. एमआयटी आणि हार्वर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा फार सुंदर अभ्यास केला. त्यातल्या जोशुआ अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी सोडतीचाच फायदा घेतला. सोडत म्हणजे दैव. ज्याचं नाव निघालं आणि ज्याचं राहिलं, त्या दोघांचेही आईवडील अर्ज भरण्याइतके जागरूक होतेच. मग दोघांच्या निकालात पुढे जो फरक पडेल, तो आईबापांच्या हौसेचा नाही, शाळेचा. बॉस्टनमध्ये हा फरक मोठा निघाला, विशेषतः गणितात. नाव निघालेली मुलं पुढे कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत जास्त गुण मिळवत होती, आणि दोन वर्षांच्या कॉलेजऐवजी चार वर्षांच्या कॉलेजात जास्त जात होती. एक अडचण आहेच : सोडत जिथे काढावी लागते, म्हणजे जिथे रांग आहे, तिथलाच हा अभ्यास. ओस पडलेल्या शाळेबद्दल तो काही सांगत नाही.

याच मंडळींचा आणखी एक निष्कर्ष मात्र आमच्या भागातल्या जेवणावळींत कुणी काढत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या शहराबाहेरच्या चार्टरचा असा फायदा दिसला नाही; काही इयत्तांत, काही विषयांत मुलं उलट मागे पडली. आमच्याकडे मार्लबरोला गणित-विज्ञानाची एक नामांकित चार्टर शाळा आहे, २००५ पासून. तिच्या सोडतीत नाव निघावं म्हणून देव पाण्यात घालणारे मराठी आईबाप मी पाहिलेत. त्या एका शाळेवर हा निकाल लावता येणार नाही. सरासरी कुणा एकीची नसते. पण ज्या मुलाला आधीच नऊ गुणांच्या गावातली शाळा मिळतेय, त्याला अजून किती वर चढवणार?

शहरातल्या चार्टरमध्ये नेमकं घडतं काय, हे मी थोडं जवळून पाहिलं. ऑफिसतर्फे आम्हाला एका शाळेत ‘तुम्ही काम काय करता’ हे मुलांना सांगायला पाठवलं होतं. जुन्या चर्चच्या शाळेची भाड्याची इमारत. व्हरांड्यात जमिनीवर चिकटपट्टी लावलेली, आणि सहावीची मुलं शर्ट खोचून त्या पट्टीवरून एकामागे एक, तोंडातून अवाक्षर न काढता चालली होती. वर्गात बाईंनी कागद वाटायला सांगितले तर हातात स्टॉपवॉच. ‘काल अठरा सेकंद, आज पंधरा जमेल?’ पोरांनी पंधरात वाटले आणि डोळे चमकले. पुढचे पन्नास मिनिटं एकही क्षण वाया गेला नाही. दिवस आमच्या गावच्या शाळेपेक्षा लांब, आणि दुपारी गणिताची वेगळी शिकवणी, शाळेतच. एक मुलगा मात्र दाराबाहेर खुर्चीवर बसला होता. पट्टा विसरला होता म्हणे. मला कौतुकही वाटलं आणि पोटात कालवलंही. आपल्या पोराला मी इथे घातलं असतं का? आमच्या गावात पट्टा विसरला म्हणून मुलाला कुणी बाहेर बसवलं असतं तर संध्याकाळपर्यंत पंधरा ईमेल गेले असते.

या कडक शिस्तीला तिकडे ‘सबबी चालणार नाहीत’ अशा थाटाचं नाव होतं. १९९४ मध्ये ह्यूस्टनला दोन तरुण शिक्षकांनी सुरू केलेली किप ही साखळी त्यात सगळ्यात प्रसिद्ध. २०२० मध्ये, पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा मृत्यू झाल्यानंतर, किपने ‘कष्ट करा, चांगले वागा’ हे आपलं घोषवाक्य स्वतःहून काढून टाकलं. गोऱ्या संस्थापकांनी काळ्या-सावळ्या मुलांना दिलेला तो उपदेश त्यांनाच खटकायला लागला. पण शिस्त वजा केली तर गणित उरतं का, याचं उत्तर अजून नीट मिळालेलं नाही.

पैशाकडे वळते, कारण २०१६ मध्ये दारात आलेला विरोधी कार्यकर्ता, एक निवृत्त शिक्षक, त्याबद्दलच बोलला होता. मूल चार्टरमध्ये गेलं की त्याच्यामागचे पैसे गावाच्या शाळेकडून चार्टरकडे जातात. ऐकायला रास्त. पण समजा गावातून वीस मुलं गेली. ती एका वर्गातून जात नाहीत. चार शाळांच्या नऊ इयत्तांमधून दोन-तीन जातात. एकही वर्ग बंद होत नाही, एकही शिक्षक कमी होत नाही, बस त्याच रस्त्याने फिरते, बॉयलर तेवढंच तेल पितो. पैसे मात्र वीस मुलांचे गेले. राज्याला हे माहीत होतं, म्हणून गावांना काही वर्षं भरपाई द्यायची असं कायद्यातच होतं, आणि विधानसभेने ती वर्षानुवर्षं पुरती दिलीच नाही. २०१९ च्या नव्या कायद्याने ती पहिल्या वर्षी शंभर टक्के, मग साठ, मग चाळीस अशी ठरली. आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. वेतनेतर अनुदानाची, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चाच्या पैशाची, वाट बघण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती.

दुसऱ्या बाजूचं रडगाणंही खोटं नाही. चार्टरला कर बसवता येत नाही, इमारतीसाठी गावासारखे रोखे काढता येत नाहीत; म्हणून मग जुनी चर्च, गोदामं, बंद पडलेली सुपरमार्केटं. मुलांवर खर्चायचा पैसा भाड्यात जातो. ही तूट दानशूर मंडळी भरतात. वॉलमार्टवाल्या वॉल्टन कुटुंबाच्या प्रतिष्ठानने २०१६ मध्ये पाच वर्षांसाठी एक अब्ज डॉलर जाहीर केले होते. केंद्र सरकारचा चार्टरसाठीचा वेगळा निधी १९९४ पासून आहे. क्लिंटनपासून ट्रम्पपर्यंत तो कुणी बंद केला नाही. पण असा पैसा आला की शाळा कुठे उघडायची हे पैसेवाल्याच्या नकाशावरून ठरतं, आणि त्या नकाशावर पालकांना बोट ठेवता येत नाही.

सगळ्या देशाचा हिशेब काढला तर काय दिसतं? स्टॅनफर्डच्या क्रेडो या केंद्राने तो तीनदा काढला. २००९ मध्ये गणितात फक्त १७ टक्के चार्टर शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के त्यांच्यापेक्षा वाईट, बाकी सारख्याच. विरोधकांनी ते आकडे फलकांवर लिहिले. २०२३ च्या अहवालात चित्र पालटलेलं : चार्टरमधलं मूल वर्षाला वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांइतकं पुढे. समर्थकांनी फलक रंगवले. सोळा दिवस म्हणजे फार मोठी उडी नव्हे, आणि गुणांचं ‘दिवसांत’ रूपांतर करण्याची ती रीत अनेकांना पटत नाही. पण त्याच अहवालात एक आकडा आहे ज्यावर वाद घालायला फारसं कुणी पुढे येत नाही. पूर्ण ऑनलाइन चालणाऱ्या चार्टरमध्ये मूल वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवसांनी मागे. शाळेचं वर्षच १८० दिवसांचं. दोन तृतीयांश वर्ष वाहून गेलं.

ओहायोतली इकॉट ही अशीच ऑनलाइन चार्टर. २००० साली सुरू झाली, पंधरा हजारांवर पट दाखवू लागली. २०१६ मध्ये राज्याने मुलं संगणकावर प्रत्यक्ष किती वेळ होती याची नोंद मागितली, तेव्हा १५,३०० पैकी फक्त ६,३०० मुलांच्या वेळेचा पुरावा निघाला. सहा कोटी डॉलर परत करा, पुढच्या वर्षाचे आणखी दोन कोटी, असा हिशेब झाला. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यात, शाळा बंद पडली आणि बाराएक हजार मुलं रस्त्यावर आली.

हे वाचताना आपल्याकडचा ऑक्टोबर २०११ आठवला नाही तर नवल. तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, बोटांना शाई लावून मुलं मोजली, आणि लाखोंच्या संख्येने कागदावरची पोरं नाहीशी झाली. पैसा पटाच्या मागे जातो म्हटल्यावर पट फुगणार, हे सांगली काय आणि ओहायोचं कोलंबस काय, सारखंच. आण्णांच्या काळात शिक्षक मे महिन्याच्या उन्हात वाड्यावस्त्यांवर दाखले गोळा करत हिंडायचे. इकॉटने टीव्हीवर जाहिराती केल्या.

ओहायो आणि बॉस्टन यांच्यात मला दिसतो तो फरक एवढाच : करार देणारा कोण, आणि तो मोडताना त्याचं काय जातं. मॅसॅच्युसेट्समध्ये करार फक्त राज्याचं शिक्षण मंडळ देतं, पाच वर्षांचा, आणि पाचव्या वर्षी वही उघडून बसतं. ओहायोत करार देणारे ‘पुरस्कर्ते’ अनेक असू शकतात, आणि त्यांना शाळेच्या सरकारी पैशातून तीन टक्क्यांपर्यंत देखरेखीचं शुल्क घेता येतं. म्हणजे जितका पट मोठा तितकं तपासणाऱ्याचं शुल्क मोठं. ॲरिझोनात पहिलाच करार पंधरा वर्षांचा. मध्ये दर पाच वर्षांनी आढावा असतो, पण करार नव्याने मागायची वेळ येते तोवर पहिलीत गेलेलं पोर कॉलेजात पोहोचलेलं असतं. चार्टर चांगल्या की वाईट, हा प्रश्न मला म्हणूनच आता फार पोकळ वाटतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदाराने जी मर्यादा कायम ठेवली, तिच्यामुळेच तिथल्या शाळा चांगल्या राहिल्या असतील का? तसंही असू शकतं. ज्या मुलांची नावं सोडतीत निघाली नाहीत त्यांना मात्र हे समजावून सांगायला मी जाणार नाही. तशी मी नऊ गुणांच्या गावात राहते. माझ्या तोंडी ते शोभणारही नाही.

न्यू ऑर्लिन्सचं आण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा सावरून बसले. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळ आलं, शहर बुडालं, आणि सात हजारांवर शाळा कर्मचाऱ्यांना, बहुतेक कृष्णवर्णीय, एका फटक्यात घरी पाठवलं. राज्याने शाळा ताब्यात घेतल्या आणि एकेक करून चार्टरकडे दिल्या. ट्युलेन विद्यापीठाच्या डग्लस हॅरिस यांनी वर्षानुवर्षं मोजलं : गुण वाढले, कॉलेजात जाणारी मुलं वाढली. दर मुलामागचा खर्चही साधारण १३ टक्क्यांनी वाढला होता, हे सांगताना लोक विसरतात. आणि सुधारणेचं मोठं कारण काय निघालं? वाईट शाळा बंद करणं, किंवा दुसऱ्याच्या ताब्यात देणं. २०२४ मध्ये मात्र त्याच शहराच्या शिक्षण मंडळाने बऱ्याच वर्षांनी स्वतः चालवायची शाळा पुन्हा उघडली.

“शाळा बंद केली,” आण्णा म्हणाले, “ते ठीक. पोरं कुठं गेली?”

हॅरिस यांनी तेही मोजलंय. न्यू ऑर्लिन्समध्ये शाळा बंद पडलेली बहुतेक मुलं आधीपेक्षा बऱ्या शाळेत गेली, म्हणून त्यांचं भलं झालं. त्याच राज्यात ऐंशी मैलांवरच्या बॅटन रूजमध्येही शाळा बंद केल्या, पण तिथे जवळपास जायला तशा चांगल्या शाळाच नव्हत्या, आणि तिथल्या मुलांच्या वाट्याला तो फायदा आला नाही. आण्णांनी मान हलवली आणि विचारलं, आमच्या गावच्या शाळेत रिकाम्या जागा किती आहेत, आणि शेजारच्या शहरातली मुलं तिथे घेतात का. मॅसॅच्युसेट्समध्ये तसा कायदा आहे, १९९१ पासून. गावाच्या शाळा समितीने दर वर्षी मत द्यायचं असतं, बाहेरची मुलं घ्यायची की नाही. चांगल्या शाळांची बरीच गावं दर वर्षी ‘नाही’ म्हणतात.